ग्रेट्स : तुटक पुराव्यांची शाळा

१८८१च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजातला एक अतिशय हुशार विद्यार्थी शेवटच्या परीक्षेत नापास झाला. आल्फ्रेड एडवर्ड हाउसमन त्याचं नाव. दोनच वर्षांपूर्वी ग्रीक आणि लॅटिनच्या परीक्षेत तो पहिल्या वर्गात आला होता. पण पुढच्या टप्प्यात प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय होते, आणि हाउसमनचं सगळं चित्त लागलं होतं प्रोपर्टियस या रोमन कवीच्या कवितांचा मूळ पाठ ठरवण्याकडे. नेमलेल्या विषयांकडे त्याने पार दुर्लक्ष केलं. काही प्रश्नपत्रिकांत तर त्याने जेमतेम काही लिहिलं, आणि परीक्षकांनी त्याला नापास केलं.

पुढची दहा वर्षं हाउसमनने लंडनच्या पेटंट कचेरीत कारकुनी केली. संध्याकाळी कचेरी सुटली की ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसायचं, ग्रीक-लॅटिन कवींच्या पाठांवर टिपणं लिहायची आणि विद्वानांच्या नियतकालिकांकडे पाठवायची, असा त्याचा क्रम होता. १८९२मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये लॅटिनच्या प्राध्यापकाची जागा निघाली, तेव्हा त्याने अर्जात ऑक्सफर्डमधलं अपयश स्वच्छ शब्दांत नोंदवलं. जागा त्यालाच मिळाली. १९११मध्ये तो केंब्रिजमध्ये लॅटिनचा प्राध्यापक झाला. इंग्लंडमधल्या थोर लॅटिन पंडितांत आज त्याची गणना होते.

हाउसमन जिथे अडखळला त्या अभ्यासक्रमाचं नाव लिटरे ह्युमानिओरेस. प्राचीन ग्रीस आणि रोमचा अभ्यास करणारा ऑक्सफर्डचा हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. १८००मध्ये विद्यापीठाने परीक्षांचे नवे नियम केले, त्यातून त्याची घडी बसत गेली. १८५०पासून त्याचे दोन टप्पे झाले. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात पहिला टप्पा म्हणजे ‘मॉड्स’ आणि दुसरा ‘ग्रेट्स’. आठ आठवड्यांचं एक सत्र, वर्षाला तीन सत्रं, एकूण बारा. परंपरेने त्यातली पहिली पाच मॉड्सची आणि उरलेली सात ग्रेट्सची. मॉड्समध्ये भाषा आणि साहित्य, ग्रेट्समध्ये इतिहास आणि तत्त्वज्ञान. अलीकडच्या काळात पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि साहित्यही दुसऱ्या टप्प्यात घेता येतं, आणि परीक्षांची रचना बदलत आली आहे.

प्राचीन जगाचा विद्यापीठीय अभ्यास समजून घ्यायचा तर हा एक अभ्यासक्रम नीट पाहावा. भव्य देवळं, संगमरवरी पुतळे, सीझर आणि क्लिओपात्रा अशी त्या जगाची प्रतिमा लोकांच्या मनात असते. वर्गात मात्र विद्यार्थ्यासमोर येतात ते तुकडे. अर्धवट फाटलेलं पान, नाक तुटलेला पुतळा, मधल्या चार ओळी झिजलेला शिलालेख, नकलाकाराने चुकीचा उतरवलेला शब्द. एवढ्या सामग्रीवरून काय म्हणता येतं, किती ठामपणे म्हणता येतं आणि कुठे थांबावं लागतं, हे शिकण्यात ही चार वर्षं जातात. या विषयाचं खरं मोल त्यातच आहे.

पहिल्या दोन वर्षांचा भार कमी नाही. ‘इलियड’च्या पंधरा हजारांहून अधिक ओळी आहेत, व्हर्जिलच्या ‘इनीड’च्या जवळपास दहा हजार. या दोन महाकाव्यांचा मोठा भाग विद्यार्थ्याने मूळ भाषेत वाचायचा असतो. जोडीला शोकांतिका, वक्त्यांची भाषणं, इतिहासकार. परीक्षेत कधीच न पाहिलेला उतारा समोर येतो आणि त्याचं जागच्या जागी भाषांतर करावं लागतं. मॉड्सची परीक्षा दीर्घकाळ इंग्लंडमधल्या सर्वांत कठीण परीक्षांत मोजली गेली. आठवडाभरात तीन-तीन तासांचे दहाच्या आसपास पेपर. विद्यार्थी काळा गाउन घालून हाय स्ट्रीटवरच्या एक्झामिनेशन स्कूल्समध्ये जातात. कोटाला कार्नेशनचं फूल लावण्याची प्रथा आहे : पहिल्या पेपरला पांढरं, मधल्या पेपरांना गुलाबी आणि शेवटच्याला लाल.

शिकवण्याचा कणा म्हणजे ट्युटोरियल. एक किंवा दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक आणि आठवड्याचा एक निबंध. पेलोपोनेशियन युद्ध कशामुळे पेटलं? अथेन्सचा इतिहासकार थुसिडिडीस म्हणतो ते कारण आपण का मानावं? निबंधातल्या प्रत्येक वाक्याला प्राध्यापक विचारतात, हे कशावरून? पुस्तकाचा दाखला दिला तर पुढचा प्रश्न येतो, त्या लेखकाला हे कशावरून कळलं? तासाभराच्या अशा उलटतपासणीत विद्यार्थ्याला कळून चुकतं की अथेन्सच्या एका लढाईबद्दल आपल्याकडे एकाच माणसाची साक्ष आहे, आणि तो माणूस त्या युद्धात स्वतः सेनापती होता आणि अपयशामुळे हद्दपार झालेला होता.

ही दारं सर्वांना खुली नव्हती, हेही इथेच सांगायला हवं. १९२०पर्यंत ऑक्सफर्डमध्ये कोणत्याही विषयाला प्रवेश घ्यायचा तरी ग्रीकची चाचणी द्यावी लागे. केंब्रिजने ती अट एक वर्ष आधी काढली. लॅटिनची अट तर ऑक्सफर्डमध्ये १९६०पर्यंत टिकली. खर्चिक खासगी शाळांतच या भाषा नीट शिकवल्या जात, म्हणून ग्रीक-लॅटिन येणं ही विद्वत्तेइतकीच वर्गाची खूण होती. स्त्रियांना ऑक्सफर्डने पदव्या दिल्या १९२०मध्ये आणि केंब्रिजने थेट १९४८मध्ये. ग्रीक धर्माच्या अभ्यासाला नवं वळण देणाऱ्या जेन हॅरिसनसारख्या विदुषी केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात शिकल्या आणि शिकवत राहिल्या, पण विद्यापीठाची पूर्ण पदवी त्यांच्या हयातीत स्त्रियांना मिळत नव्हती. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी कायद्याच्या अभ्यासासाठी ऑक्सफर्डला गेल्या. बेलिअल कॉलेजचे प्रमुख आणि प्लेटोचे भाषांतरकार बेंजामिन जोवेट यांचा पाठिंबा त्यांना होता. १८९२मध्ये त्या परीक्षेला बसल्या आणि पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं.

याच जोवेट यांच्या बेलिअलमधून हिंदुस्थानात येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांची रांग लागली होती. मेकॉलेच्या समितीने १८५४मध्ये मुलकी सेवेच्या स्पर्धापरीक्षेची रूपरेषा आखली, तेव्हा ग्रीकला ७५० आणि लॅटिनला ७५० गुण ठेवले. संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. परीक्षा फक्त लंडनमध्ये होई. हिंदुस्थानात ती घेतली जाऊ लागली १९२२पासून. ठाणे किंवा साताऱ्याच्या जमाबंदीचा ज्याच्याशी संबंध येणार त्या तरुणाला होमर आला तर संस्कृतच्या दुप्पट गुण मिळत. मुंबई-कलकत्त्याच्या मुलांना ही परीक्षा इतकी दुर्घट का वाटे, त्याचं एक कारण या गुणतक्त्यात होतं. अभ्यासाची एक शाखा राज्यकर्त्यांचं गाळणं बनली होती, आणि त्या इतिहासाचा हिशेब आज क्लासिक्सचे, म्हणजे ग्रीक-रोमन विद्येचे, विद्यार्थी स्वतःच मांडतात.

विद्यापीठ-प्रवेशासाठीची लॅटिनची अट गेल्यावर शाळांतून ती भाषा नाहीशी होईल अशी भीती शिक्षकांना वाटली. त्या धास्तीतून १९६६मध्ये केंब्रिजमध्ये एक प्रकल्प सुरू झाला आणि १९७०पासून त्याची क्रमिक पुस्तकं येऊ लागली. त्यात व्याकरणाच्या कोष्टकांआधी मुलांना भेटतो पॉम्पेईचा एक सावकार, कायसिलियस. हा माणूस खरा होता. लुसियस कायसिलियस युकुंडस याचं घर पॉम्पेईत आहे आणि तिथे १८७५मध्ये मेणाच्या पाट्यांवरचे त्याचे हिशेब सापडले : लिलावाच्या रकमा, पावत्या, साक्षीदारांची नावं. त्याच्या घरातल्या माणसांची गोष्ट वाचत वाचत मुलं विभक्ती शिकतात. आज ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये शाळेत ग्रीक-लॅटिन न शिकलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. केंब्रिजमध्ये अशा विद्यार्थ्याला तीनऐवजी चार वर्षं मिळतात आणि पहिलं वर्ष भाषेच्या पायाभरणीत जातं. ऑक्सफर्डमध्येही मुळाक्षरांपासून सुरुवात करून पदवी घेता येते.

आता हाउसमनचं वेड काय होतं ते जरा जवळून पाहू. प्राचीन लेखकाच्या हातचं एकही पान आपल्याकडे नाही. आहेत त्या नकलांच्या नकला, शेकडो वर्षं हातांनी उतरवलेल्या. कातुल्लस या कवीच्या जवळजवळ सगळ्या कविता मध्ययुगात व्हेरोना शहरातल्या एकाच हस्तलिखिताच्या आधारावर तगून राहिल्या, आणि तेही पुढे हरवलं. आपल्या हाती उरल्या त्याच्यावरून झालेल्या नकला. लुक्रेटियसच्या महाकाव्याची प्रत पोज्जो ब्राच्चोलिनी या इटालियन ग्रंथशोधकाला १४१७मध्ये मिळाली नसती तर त्या ग्रंथाचा प्रभाव युरोपवर कितपत पडला असता, कोण जाणे. नकलाकार दमतो. एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओळी असल्या तर त्याची नजर पहिलीवरून थेट दुसरीवर जाते आणि मधला मजकूर गळतो. मोठ्या ग्रीक अक्षरांत आल्फा, डेल्टा आणि लॅम्डा एकमेकांसारखे दिसतात, त्यांची अदलाबदल होते. अनोळखी शब्द आला की तो ओळखीचा करून टाकण्याचा मोह होतो.

म्हणून संपादक सगळ्या प्रती समोर ठेवतो, समान चुकांवरून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली ते शोधतो आणि प्रतींची वंशावळ मांडतो. दोन पाठ समोर असले तर पुष्कळदा अवघड पाठ जुना ठरतो, कारण नकलाकार अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. एकोणिसाव्या शतकात कार्ल लाखमान या जर्मन पंडिताच्या नावाने ही पद्धत ओळखली जाऊ लागली. त्याची लुक्रेटियसची आवृत्ती १८५०ची. निळ्या वेष्टनातलं ऑक्सफर्डचं संहितांचं पुस्तक उघडलं की पानाच्या तळाशी बारीक टाइपात पाठभेदांची पट्टी दिसते. नवख्या विद्यार्थ्याला ती नकोशी वाटते. पण वरची काळजीपूर्वक छापलेली ओळ हा कुणाचातरी निर्णय आहे आणि त्या निर्णयाचा सगळा पुरावा खाली आहे, हे एकदा ध्यानात आलं की वाचण्याची सवयच बदलते.

मराठी वाचकाला ही पट्टी परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५मध्ये तिचे प्रमुख संपादक झाले. सुकथनकर केंब्रिजमध्ये गणित शिकले होते आणि बर्लिनमध्ये हाइनरिश ल्युडर्स यांच्याकडे संस्कृतचं संशोधन केलं होतं. ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी घडवलेली पाठचिकित्सेची युरोपीय शिस्त त्यांना तिथे मिळाली. १९३३मध्ये आदिपर्व पूर्ण झालं तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या शिस्तीची मर्यादाही दाखवून दिली. एका लेखकाच्या एका ग्रंथासाठी बनवलेली वंशावळीची पद्धत महाभारताला जशीच्या तशी लावता येत नाही. शतकानुशतकं लोकांच्या तोंडी आणि निरनिराळ्या लिप्यांत वाढत गेलेली ही संहिता आहे, आणि तिच्या उत्तर व दक्षिण परंपरांत मोठं अंतर आहे. सुकथनकरांनी पद्धत घेतली, तपासली आणि आपल्या ग्रंथाला साजेशी घडवली. १९४३मध्ये ते गेले. काम १९६६मध्ये पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं त्यासाठी तपासली गेली. युरोपबाहेर पाठचिकित्सेचं याहून मोठं काम दाखवणं अवघड आहे, आणि क्लासिक्सच्या कोणत्याही विद्यार्थ्याने सुकथनकरांची ती प्रस्तावना वाचायला हवी.

हस्तलिखितांतून मोठे लेखक मिळतात. सामान्य माणसं मिळतात ती उकिरड्यातून.

कैरोच्या दक्षिणेला सुमारे १६० किलोमीटरवर ऑक्सिरिंकस नावाचं ग्रीक-रोमन काळातलं गाव होतं. १८९६-९७च्या हिवाळ्यात ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजचे दोन तरुण पदवीधर, बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट, तिथले कचऱ्याचे ढिगारे उकरायला लागले. पाऊस नसलेल्या त्या वाळूत टाकून दिलेला पपायरस शेकडो वर्षं टिकला होता. त्यांनी आणलेले तुकडे भरतात पाच लाखांच्या आसपास. पहिला खंड १८९८मध्ये निघाला, आतापर्यंत खंडांची संख्या ऐंशीच्या पुढे गेली आहे आणि पाच हजारांहून अधिक मजकूर वाचून छापले गेले आहेत. काम सुरूच आहे. सॅफोच्या हरवलेल्या कविता, सोफोक्लीसच्या एका हरवलेल्या नाटकाचा मोठा भाग, मिनँडरच्या सुखात्मिका या ढिगाऱ्यांतून वर आल्या. त्याहून कितीतरी जास्त निघाल्या कराच्या पावत्या, भाडेकरार, तक्रारअर्ज, लग्नाची आमंत्रणं.

त्यातलं एक पत्र थिऑन नावाच्या मुलाचं आहे. बापाचं नावही थिऑनच. बाप त्याला सोबत न घेता अलेक्झांड्रियाला निघून गेला, म्हणून पोरगा भयंकर चिडला आहे. मला नेलं नाहीस तर मी तुला पत्र लिहिणार नाही, तुझ्याशी बोलणार नाही, असं तो बजावतो, आणि शेवटी अन्नपाणी सोडण्याची धमकी देतो. शुद्धलेखनाच्या चुकांनी पत्र भरलेलं आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्या चुका सोन्यासारख्या वाटतात, कारण मूल कानाला ऐकू येईल तसं लिहितं. कोणते स्वर त्या काळी सारखेच उच्चारले जाऊ लागले होते, ते व्याकरणकारांपेक्षा थिऑन अधिक खरेपणाने सांगतो. या एका पानावर विद्यार्थी लिपी वाचायला शिकतो, उच्चारांचा इतिहास शिकतो आणि रोमन इजिप्तमधलं एक घरही त्याला दिसतं.

इंग्लंडच्या उत्तर टोकाला विंडोलांडा नावाचा रोमन किल्ला आहे. तिथला पुरावा ओलाव्यामुळे टिकला. १९७३मध्ये उत्खननकार रॉबिन बर्ली यांना चिखलात लाकडाच्या पातळ पाट्या मिळाल्या, पोस्टकार्डाएवढ्या. उलगडून पाहिल्या तर आत शाईचं लिखाण होतं, पण हवा लागताच ते पुसट होत गेलं. इन्फ्रारेड छायाचित्रं घेतली तेव्हा अक्षरं परत दिसू लागली. ॲलन बोमन आणि डेव्हिड थॉमस या दोन विद्वानांनी ती वाचण्यात पुढची अनेक वर्षं घातली. मोज्यांची आणि अंतर्वस्त्रांची पाठवणी, सैनिकांची हजेरी, धान्याचे हिशेब असं बरंच काही त्यात आहे. सन १००च्या सुमाराचं एक आमंत्रण सर्वांत प्रसिद्ध झालं. क्लाउडिया सेवेरा ही एका सैन्याधिकाऱ्याची पत्नी आपल्या वाढदिवसाला, ११ सप्टेंबरला, मैत्रीण सुल्पिसिया लेपिडिना हिला बोलावते. मुख्य मजकूर लेखनिकाच्या सफाईदार वळणाचा आहे. शेवटी मात्र अक्षर बदलतं. चार ओळी सेवेराने स्वतः लिहिल्या आहेत, थोड्या ओबडधोबड वळणाच्या, लेपिडिनाला बहीण म्हणून. स्त्रीच्या हातच्या लॅटिन लिखाणाचा हा सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांपैकी एक. ही पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

अशा पुराव्यांनी विषयाचा तोलच बदलला. शंभर वर्षांपूर्वीचा पदवीधर सिसेरोची वाक्यरचना उचलून त्याच्यासारखं लॅटिन गद्य लिहायचा. आजचा विद्यार्थी सिसेरोच्या गुलामांबद्दल, स्वयंपाकघरांबद्दल, सैनिकांच्या बायकांबद्दल प्रश्न विचारतो. मोझेस फिनली या केंब्रिजच्या इतिहासकाराने गुलामगिरीला ग्रीक-रोमन अर्थव्यवस्थेच्या चर्चेत मध्यभागी आणलं. त्याचं प्राचीन अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक १९७३चं. अमेरिकेत हावर्ड या कृष्णवर्णीयांसाठी १८६७मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात फ्रँक स्नोडन यांनी ग्रीक-रोमन जगातल्या कृष्णवर्णीयांवर आयुष्यभर संशोधन केलं. कादंबरीकार टोनी मॉरिसन याच विद्यापीठात शिकल्या आणि क्लासिक्स हा त्यांचा जोडविषय होता. २०२१मध्ये हावर्डने आपला क्लासिक्स विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी प्रिन्स्टनने क्लासिक्सच्या पदवी विद्यार्थ्यांवरची ग्रीक किंवा लॅटिनची सक्ती काढली. दार रुंद करायचं म्हणून भाषा ऐच्छिक करावी, की भाषा गेल्या तर विषयच पोकळ होईल, यावर तिथे जोराचा वाद झाला. भाषा शिकवण्याची सोय वाढवणं हा खरा मार्ग आहे. थिऑनच्या चुका भाषांतरात दिसत नाहीत.

दरम्यान नवा मजकूर येतच आहे, तोही अनपेक्षित ठिकाणांहून. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात सन ७९मध्ये हर्क्युलेनियमच्या एका श्रीमंत हवेलीतलं ग्रंथालय जळून कोळसा झालं. १७५०च्या दशकात त्या गुंडाळ्या सापडल्या, पण उघडायला गेलं की भुगा व्हायचा. संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने, न उघडता, गुंडाळी आतून वाचण्याचं तंत्र विकसित केलं. मग खुली स्पर्धा जाहीर झाली. ऑक्टोबर २०२३मध्ये एका विद्यार्थ्याने संगणकाला शिकवून जांभळ्या रंगासाठीचा ग्रीक शब्द शोधून काढला, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तीन तरुणांच्या गटाला सात लाख डॉलरचं मुख्य बक्षीस मिळालं. संगणकाने अक्षरांचे डाग दाखवले. त्यांचे शब्द आणि वाक्यं कशी लावायची ते ठरवायला पपायरस वाचणारे विद्वान बसले होते. मजकूर सुखाबद्दलच्या तत्त्वचर्चेचा निघाला, बहुधा एपिक्युरसच्या परंपरेतल्या फिलोडेमसचा.

या सगळ्या शिस्तीचा महाराष्ट्राशी थेट संबंध जिथे येतो ते ठिकाण म्हणजे ‘पेरिप्लस’. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. लेखकाचं नाव माहीत नाही. ग्रंथ टिकला तो दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितामुळे, जे आज हायडेलबर्गला आहे. लंडनमधली दुसरी प्रत त्याचीच नंतरची नक्कल. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून रंगीत खडे आणि तगरहून सुती कापड गाड्यांतून भडोचला येई, असं तो सांगतो. कल्याणचा व्यापार आधी खुला होता, पुढे अडवला गेला, आणि चुकून तिथे शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, हेही त्याने नोंदवलं आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याची झळ एका परदेशी व्यापाऱ्याला कशी लागली, ते इथे दिसतं.

आणि याच ग्रंथात पाठचिकित्सेचा एक प्रश्न आहे. भडोचच्या राजाचं नाव हस्तलिखितात बिघडलेलं आहे. नकलाकाराला भारतीय नावं कुठून ठाऊक असणार? विद्वानांनी तिथे नहपान वाचावं असं सुचवलं आणि बहुतेकांनी ते मानलं. नाशिक, कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांत ज्याच्या घराण्याचे आणि अधिकाऱ्यांचे लेख आहेत तो हा क्षत्रप. नाव नहपानाचं असेल तर पेरिप्लसचा काळ नहपानाशी जुळतो आणि नहपानाचा काळ पेरिप्लसशी. त्यावर महाराष्ट्राच्या पहिल्या शतकाचा कालक्रम पुष्कळसा अवलंबून आहे. एका नकलाकाराच्या दोन-चार अक्षरांवर एवढं ओझं आहे, म्हणून तो निर्णय पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

तपासायला साधनं आपल्याकडेच आहेत. १९०६मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारून घेतला होता. नहपानाच्या मूळ नाण्यांवर तीन लिप्या आहेत : ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची दानं कोरलेली आहेत. आणि व्हिएन्नात दुसऱ्या शतकातला एक पपायरस आहे, १९८५मध्ये प्रसिद्ध झालेला : केरळच्या मुझिरिस बंदराशी झालेल्या व्यापाराचा कर्जकरार एका बाजूला आणि ‘हर्मापोलोन’ जहाजावरच्या मालाचा, हस्तिदंताचा आणि गंगेकाठच्या जटामांसीचा, हिशेब दुसऱ्या बाजूला.

या पुराव्याचा अर्धा भाग ग्रीकमध्ये आहे आणि अर्धा प्राकृतात. युरोपातल्या पंडिताला सहसा पहिला वाचता येतो, आपल्याकडच्या पंडिताला दुसरा. दोन्ही वाचणारी माणसं फार थोडी. पाली, प्राकृत आणि ब्राह्मी शिकवणारे विभाग पुण्या-मुंबईत आहेत; त्यांतल्या विद्यार्थ्यांनी ग्रीकही शिकावी आणि विद्यापीठांनी त्यांच्यासाठी एक शिक्षक नेमावा. पेरिप्लस मोठा ग्रंथ नाही, जेमतेम सहासष्ट छोटी प्रकरणं आहेत. भाषा व्यापाऱ्याची आणि रोखठोक आहे. शब्दकोश हाताशी ठेवून दोनेक वर्षं नेटाने ग्रीक शिकलेल्या विद्यार्थ्याला कल्याण, पैठण आणि तेरची ती पानं मुळातून वाचता येतील.